सासू, जावई आणि मधलं वारूळ

...नाही, पण मी म्हणतो, स्वतःच्या नातीचं तोंड बघायला माणसाने सिंहाच्या दारातून का जावं? दुसरा रस्ता नाही? आम्ही सरोवराकाठच्या होमा बेची साधी माणसं, आमच्याकडे नात बघायची म्हणजे बस पकडायची, उतरायचं, ओट्यावर बसायचं, पोर मांडीवर घ्यायची, ती मांडी ओली करणार, आपण हसणार, की झालं. आणि इथे? इथे तंबू काय, शेगडी काय, ओले टॉवेल काय, आणि एवढं सगळं करून नात कुठे, तर बाभळीच्या पलीकडे! आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, काळजी करू नका, यात सगळं आलं.

थांबा, तुम्ही म्हणाल मास्तर कुठून कुठे चालले. पहिल्यापासून सांगतो. आमची अपोंडी, धाकटी, तिचं लग्न झालं ओगुतूशी. पोरगा चांगला. मसाई माराच्या रानात एका सफारी कॅम्पवर मॅनेजर आहे, तिथेच मागे नोकरांच्या वस्तीत त्याला घर दिलंय, तिथे संसार, आणि तिथेच आमची नात झाली, अमोंडी. आता नात झाली म्हटल्यावर रिस्पाचा, म्हणजे आमच्या मंडळींचा, जीव राहतोय का जागेवर? रोज सकाळी उठून एकच, "अपोंडीचे बाबा, पोर कोणावर गेली असेल हो?" मी म्हणायचो, फोनवर फोटो आलाय की. तर म्हणते, "फोटोला वास येतो का?"

बरं, उठावं आणि जावं, तर आडवी आली चाल. आमची चाल तुम्हाला ठाऊकच आहे. सासूने जावयाच्या समोर यायचं नाही, जावयाने सासूच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, बोलायचं नाही, हात मिळवायचा नाही, आणि त्याच्या घरात तर सासूने पाऊल टाकायचं नाही, जोवर चार बायका डोक्यावर टोपल्या घेऊन, गाणी म्हणत, रीतसर पहिल्या भेटीला जात नाहीत तोवर. आणि झोपायचं तर नावच काढू नका. माझी आजी, तुम्हाला सांगतो, एकदा सरोवरावर धुणं धूत होती, समोरून जावई येताना दिसला, लपायला झाड नाही, झुडूप नाही, तर ही बाई सरळ पाण्यात शिरली. गळ्यापर्यंत! आणि तो शहाणा तिथेच काठावर कोणाशी तरी बैलाच्या गोष्टी करत उभा राहिला. आजी बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांची सुकलेली अंजिरं झाली होती, पण अब्रू शाबूत. तर आमची रीतसर भेट ठरलेली सुगीनंतर. म्हणजे तोवर पोर रांगायला लागणार, दात येणार, बापाचं ऐकेनाशी होणार. आणि अपोंडीने इकडे यावं तर पोर तान्ही, रस्ता हाडं खिळखिळी करणारा, जावयाला हंगामात सुट्टी नाही.

मग एक दिवस अपोंडीचा फोन. "बाबा, ऐका, युक्ती सापडली. कॅम्पवाले मॅनेजरच्या आईबापांना, सासूसासऱ्यांना दोन दिवस पाहुणे म्हणून फुकट ठेवून घेतात. म्हणजे तुम्ही आमच्याकडे यायचंच नाही, कॅम्पवर यायचं. तुम्ही पाहुणे. ओगुतू समोर येणारच नाही. तंबू, जेवण, गाडीतून फिरवणं, यात सगळं आलं."

रिस्पाने माझ्या हातातून फोन ओढला. "आणि पोर?"

"अगं, तीही आली की त्यात!"

ठेवला फोन आणि लागली बांधाबांध करायला. बाळंतिणीच्या पेजेसाठी नाचणीचं पीठ, पोत्यात. सुकट, दोन पुड्या, वरून कागद, त्यावरून पुन्हा कागद, तरी वास असा की बसमध्ये आमच्या शेजारी कोणी बसेना. आणि पोरीसाठी स्वतः विणलेली पिवळी टोपी. ती मात्र पिशवीत नाही, हातात. सबंध रस्ता हातात.

आता मी, तुम्हाला सांगतो, आयुष्यभर भूगोल शिकवला. मारा कुठे आहे, नदी कुठून येते, गवत किती वाढतं, रानगायी कधी उतरतात, सगळं फळ्यावर काढून दाखवलं, पण पाऊल टाकलं नव्हतं. आपल्याकडे कोण जातं हो तिकडे? ते परक्यांसाठी. ते येतात, आपलं रान बघतात, आपल्याला त्याची चित्रं छापून विकतात. तर पोचलो. फाटकाशी एक गोरी बाई उभी. ही मालकीण. मॅडम हॅरिएट. इथेच जन्मली म्हणते, वय साठीच्या पुढे, खाकी कपडे, गळ्यात दात की काय ते अडकवलेलं. पुढे आली, दोन्ही हात पसरले आणि मला म्हणते, मला, "आफ्रिकेत तुमचं स्वागत असो!"

मी म्हटलं, बाई, मी कुठून आलोय असं वाटतंय तुम्हाला?

तोवर मागून नोकरांनी गाणं सुरू केलं, टाळ्या काय, नाच काय, आणि त्या सगळ्यांच्या पुढे, हातात तबक, तबकात ओले टॉवेल, कोण? ओगुतू! आमचा जावई! बिचाऱ्याचा चेहरा असा, की ह्याच्यापेक्षा मला मगरीला द्या. मागाहून कळलं की मालकीण वर्षातून एकदा येऊन आठवडाभर मुक्काम ठोकते, आणि तिचा नेम असा, की प्रत्येक पाहुण्याला मॅनेजरने स्वतः, स्वतःच्या हाताने टॉवेल द्यायचा, डोळ्यात बघून हसायचं. डोळ्यात बघून! ही त्यांच्या कॅम्पची रीत. न केली तर नोकरी गेली.

मी वळून बघतो, तर रिस्पा गाडीत नाही. गाडीच्या मागे. तेवढ्यात ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली, तर ही झाडामागे. झाड होतं काडीएवढं, ही काही काडीएवढी नाही, दोन्ही बाजूंनी दिसतेय, पण खांद्यावरचं कापड, लेसो, डोक्यावरून ओढला आणि उभी. आमच्याबरोबर एक जर्मन जोडपं उतरलेलं. तो डीटर, त्याच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. तो घाबरून मला विचारतो, "काय झालं? साप?"

मी म्हटलं, "नाही. जावई."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणते, "तुमच्या पत्नी आजारी आहेत का?" म्हटलं, नाही, खानदानी आहेत. मग मी खुलासा केला. तर या बाईचे डोळे असे चमकले, असे चमकले... "किती अस्सल! किती अस्सल!" आणि मग मलाच आमच्या रीतीभाती समजावून सांगायला लागली. मी ऐकत होतो. काय करणार, तिच्या तंबूत राहायचं होतं. पण टॉवेलाची रीत तिने सोडली का? नाव नको. शेवटी ओगुतूने तबक माझ्या डोक्याच्या वरून, स्वतःचं तोंड पाठीमागे फिरवून, आंधळ्यासारखं पुढे केलं, मी एक टॉवेल उचलला, झाडाकडे फेकला, झाडातून एक हात बाहेर आला आणि टॉवेल आत गेला. आणि ती जर्मनाची बायको टाळ्या वाजवते. तिला वाटलं, हे यात आलं.

पुढे तंबू. तंबू कसला, मंगल कार्यालय! पलंग काय, गालिचा काय, आत न्हाणीघर, आणि पलंगावर टॉवेलाचा हत्ती करून ठेवलेला. आम्ही उभा जन्म मक्यातून हत्ती हाकलण्यात घालवणाऱ्यांचे पाहुणेरावळे, आणि इथे तो अंथरुणात. मी आपला आत गेलो, बूट काढले, पाठ टेकली, आणि बघतो तर मंडळी बाहेर. पिठाच्या पोत्यावर बसलेल्या.

"अगं आत ये."

"हे घर कोणाचं?"

"कोणाचं म्हणजे? कॅम्पचं."

"किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या कमरेला? माणसं कोणाच्या हुकुमाने हलतात? हा पलंग कोणी घालून घेतला? जावयाने. मग घर कोणाचं? मी जावयाच्या छपराखाली झोपले हे गावात कळलं तर मला पाणवठ्यावर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

मी म्हटलं, रिस्पा, बाहेर तरस आहेत. तर म्हणते, "असू देत. ते जावई नाहीत."

शेवटी लावला फोन आमच्या थोरल्या आक्काला. आमच्यात रीतीभातीचं हायकोर्ट म्हणजे आक्का. ऐंशी पार केलीत, दात एक नाही, पण निकाल खणखणीत. सगळं ऐकून घेतलं, आणि सुरू झाली उलटतपासणी. "भिंती मातीच्या का?" नाही, कापडाच्या. "मधला खांब?" आहे, पण पोकळ. "चूल?" चूल नाही, आक्का, इथे चूल कशी असेल. "मग घर कसलं ते? चूल नाही तिथे घर नाही. जनावराच्या कातड्याखाली झोपल्यासारखं आहे. झोपा." मी टुणकन उडी मारून आत आलो, आणि बघतो तर कोपऱ्यात, पडद्यामागे, काळीकुळकुळीत, लोखंडाची, पितळी मुठीची... शेगडी. धुराडं वर छतातून बाहेर. रात्री गारठा असतो म्हणून. यात आली!

आता बायको म्हणते ही चूल आहे. मी म्हणतो ही शोभेची आहे. ती म्हणते पेटते का? पेटते. यावर मक्याची उगाली शिजेल का? शिजेल. मग? मग मी गेलो मॅडमकडे, म्हटलं, बाई, ती शेगडी बाहेर काढा. ती म्हणाली, अहो, ती खास समुद्रापलीकडून आणलीय, इतर पाहुणे तिच्यासाठी येतात. मी म्हटलं, चूल बाहेर गेल्याशिवाय बायको आत यायची नाही. आले चार गडी, उचलली शेगडी, निघाली वरात, धुराड्यातली काजळी पांढऱ्या गालिच्यावर, आणि पलीकडे झाडाआडून आमचा जावई हाताने खुणा करतोय, डावीकडे, डावीकडे, सावकाश. मॅडम? "अस्सल," म्हणे. आणि मंडळी शेवटी आत आल्या. उजवा पाय आधी, डोळे मिटून.

बरं, आली आत. बसली. टोपी मांडीवर. म्हणाली, "आता बोलवा पोरीला."

आणि तेवढ्यात, तुम्हाला सांगतो, बाभळीच्या पलीकडून रडण्याचा आवाज आला. बारीक, तान्ह्या पोराचा. आमचीच. रिस्पा अशी उठली की पोतं आडवं झालं, पीठ सांडलं, तिला भान नाही. "ती आहे. ती रडतेय. भूक नाही ती, पोटात दुखतंय तिच्या. ऐका." मी काय ऐकणार? पण ती दारात उभी राहून ऐकत होती. मी सत्तेचाळीस वर्षं बघतोय या बाईला, पोटच्या सहा पोरांसाठी कधी डोळ्यातून पाणी काढलं नाही, तेवढा वेळच नव्हता. त्या दिवशी तिने लेसोने डोळे पुसले आणि मला म्हणाली, धूळ फार आहे इथे.

आणि मग कळली ती दुसरी चाल. त्यांची. अपोंडीचा फोन आला, आवाज पडलेला. "बाबा, घोळ झालाय. मालकीण नसताना चाललं असतं. पण नियम आहे, सहा वर्षांखालचं पोर पाहुण्यांच्या बाजूला आणायचं नाही. रडतात, पाहुणे तक्रार करतात. आणि पाहुण्यांनी वस्तीकडे यायचं नाही." मी म्हटलं मग फाटकाबाहेर भेटू. "फाटकाबाहेर पायी जायचं नाही, जनावरं आहेत." म्हणजे बघा. आमची चाल म्हणते, जावयाच्या घरात जायचं नाही. त्यांची चाल म्हणते, पोराने घराबाहेर यायचं नाही. आणि या दोन्हीच्या मधे जी मोकळी जागा उरते, तिथे सिंह! रात्रभर तरस खिदळतो, तो चालतो, त्याला तक्रार नाही, तो यात आला. पोर रडलं तर शांतता बिघडते. मी गेलो मॅडमकडे. म्हटलं, बाई, आजी आहे, नात आहे, मधे एक बाभळ आहे. तिने माझा हात हातात घेतला, मान तिरकी केली, म्हणाली, "मला समजतं. पण रीत ती रीत. तुमच्याइतकं हे कोणाला कळणार?" आता मारली ना आमचीच काठी आमच्या डोक्यात? दुपारी शेगडी काढायला लावलेली, कुठल्या तोंडाने बोलणार?

जेवायला बसलो तर तो डीटर माझ्याकडे बघून बोट वर करतो, "सूप." मी म्हटलं, मी पाहुणा आहे. तो म्हणाला, "छान, छान. आणि थोडा पाव." दिला आणून. भांडायला अंगात त्राण कुठे होतं? रिस्पा जेवली नाही. टोपीच्या दोऱ्याला नुसती गाठ मारायची, सोडायची, मारायची, सोडायची.

पण पोरगं हुशार, हं. ओगुतू. सासूशी बोलायचं नाही, पण बायकोकरवी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बाजारगावात डोस पाजायचा वार. अमोंडीला न्यायचंच होतं. नोकर आपल्या पोराला गाडीतून दवाखान्यात नेऊ शकतो, त्याला बंदी नाही. आणि पाहुणे गाडीतून रानात फिरू शकतात, त्याला तर नाहीच नाही, ते यात आलं. मग रानाच्या मधोमध, एका मोठ्या वारुळापाशी, दोन गाड्या चुकून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या तर कोण काय म्हणणार? खिडकीतून खिडकीत पोर द्यायची, आजीने बघायची, परत. कोणी कोणाच्या घरात गेलं नाही, कोणी गाडीतून उतरलं नाही, दोन्ही चालींची अब्रू राखली. फक्त गाडी हाकायला दुसरा ड्रायव्हर मोकळा नव्हता, म्हणून ओगुतू स्वतः आणणार, आणि सासूच्या नजरेस पडू नये म्हणून तेवढ्यापुरता उतरून वारुळामागे बसणार. आता रानात गाडीतून उतरायचं नाही हा नियम पाहुण्यांना रोज सकाळी घसा खरवडून सांगतं कोण? तोच!

निघालो. गाडी हाकायला पारसालोई, मसाई गडी, आमच्या बेतात सामील. त्याच्या शेजारी कोण येऊन बसावं? मॅडम हॅरिएट. "मी आज तुमच्याबरोबर येते." दुष्काळात तेरावा महिना. मधे डीटर आणि त्याची बायको, मागे आम्ही. वाटेत हत्ती आले, रिस्पाने बघितले नाहीत. जिराफ आले, नाही बघितले. मॅडम मागे वळून म्हणते, "तुमच्या पत्नींना आवडत नाहीये का?" मी म्हटलं, त्या एका विशिष्ट प्राण्याच्या शोधात आहेत.

आलं वारूळ. पुरुषभर उंच. शेजारी पांढरी गाडी, आत अपोंडी, मांडीवर गाठोडं. वारुळाच्या कडेने ओगुतूच्या टोपीचं टोक दिसत होतं, मी बघून न बघितल्यासारखं केलं. पारसालोईने गाडी अशी लावली, खिडकीला खिडकी. मॅडम काही विचारायच्या आत ते गाठोडं इकडून तिकडे आलं, आणि रिस्पाच्या हातात पडलं.

काय सांगू तुम्हाला. पोरीच्या टाळूवर नाक टेकवलं आणि वास घेत राहिली. डोळे मिटलेले. मग टोपी घातली. टोपी मोठी झाली, नाकापर्यंत आली. मग हळूच म्हणाली, "माझ्या आईचं कपाळ आहे हो, अपोंडीचे बाबा."

आता त्या रानाचा एक धर्म आहे. ड्रायव्हर लोकांची सवय. मैदानात दोन गाड्या थांबलेल्या दिसल्या की तिसरी येते. का थांबल्या ते विचारत नाही. तीन दिसल्या की सहा येतात. थांबल्यात म्हणजे काहीतरी आहे! चहूबाजूंनी धुळीचे लोट, सुसाट, आमच्याभोवती रिंगण, टपातून माणसं वर, दुर्बिणी, कॅमेरे, "कुठे आहे? बिबट्या? चित्ता?" आणि मधोमध कोण, तर आमची रिस्पा, नातीचा लंगोट बघत बसलेली. आणि काढायला लागले हो फोटो! खटाखट, खटाखट. बापजन्मात आजी बघितली नव्हती की काय कोण जाणे.

आणि मग त्या गर्दीत एका पलीकडच्या गाडीतून कोणीतरी बोट केलं. वारुळाकडे. पारसालोईने तिकडे बघितलं आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "ओगुतू. उठ. पळू नको. चालत ये." कारण वारुळाच्या ह्या बाजूला आमचा जावई बसलेला, पाठ टेकून, आणि त्या बाजूला, सावलीत, पाठ टेकून, सिंहीण. एवढ्या गाड्यांच्या गोंगाटाने तिची झोप मोडली होती, आणि ती उठून कोण आलंय ते बघायला निघाली होती.

ओगुतू उठला. त्याच्या गाडीची इकडची दारं आमच्या गाडीला चिकटलेली, तिकडून वळसा घालायचा तर सिंहिणीच्या समोरून. मोकळं दार एकच, आमच्या गाडीचं मागचं. तो आला, पावलं मोजत आला, दाराशी पोचला, वर बघितलं... आणि आत सासू.

तो थांबला हो.

थांबला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. इकडे आड तिकडे विहीर ही म्हण मी पोरांना फळ्यावर लिहून दिली होती, पण असा माणूस प्रत्यक्ष उभा बघितला नव्हता. त्याने सिंहिणीकडे बघितलं. सासूकडे बघितलं. मान खाली घातली. आणि, शपथेवर सांगतो, अर्धं पाऊल मागे घेतलं. म्हणजे तिकडे! तिच्याकडे! अपोंडीने तिकडे खिडकीत किंकाळी मारली.

आणि रिस्पाने, एका हातात नात, दुसऱ्या हाताने खाडकन दार उघडलं, त्याची कॉलर धरली, आणि ओढला आत. "मेल्या! पोरीला बिनबापाची करतोस? चल आत!"

झालं. पडला दोघांच्या मधे, अर्धा तिच्या पायावर, अर्धा माझ्या. सिंहीण आली, गाडीच्या चाकाचा वास घेतला, मोठी जांभई दिली आणि दुसऱ्या सावलीला जाऊन पडली. तिच्याकडे कोणी बघतही नव्हतं. सगळे कॅमेरे आमच्या गाडीत.

रिस्पाच्या लक्षात आलं, कॉलर अजून हातात आहे. ओगुतूच्या लक्षात आलं, तो कोणाच्या पायावर आहे. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पहिल्यांदा. मला वाटलं, आता ही खिडकीतून उडी टाकणार. पण तिने कॉलर सोडली, नीट केली, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "इतका वाळलायस का रे? जेवत नाहीस?"

"जेवतो, आई."

"खोटं बोलू नकोस. सुकट आणलीय."

मॅडमने मागे वळून बघितलं. "ओगुतू, तू गाडीतून उतरला होतास." तो म्हणाला, "हो, मॅडम." मी म्हटलं, गेली नोकरी. तर डीटर उठून उभा, डोळ्यात पाणी, मॅडमचे दोन्ही हात धरून सांगतोय की जगात इतकी रानं फिरलो, पण असं काही कुठे बघायला मिळालं नाही, पुढच्या वर्षी सगळ्या भावंडांना घेऊन येतो, आणि हे दोघे, म्हणजे मी आणि रिस्पा, इथेच असतील ना? मॅडम त्याच्याकडे बघते, आमच्याकडे बघते, आणि तुम्हाला सांगतो, त्या बाईच्या डोक्यात काय शिजलं ते मला तिथल्या तिथे दिसलं. "अर्थात," म्हणाली. "यात सगळं आलं!"

नोकरी राहिली. पोर त्या दिवशी दवाखान्यापर्यंत आजीच्या मांडीवर गेली, तशीच परत आली, आणि कॅम्पच्या फाटकातून थेट आमच्या तंबूत. कोणी अडवलं नाही, खुद्द मालकीण फोटो काढत होती. आक्काला फोन केला, तर ती म्हणाली, "सिंहाच्या तोंडातून काढला म्हणजे तो आता जावई राहिला नाही, लेक झाला. एक शेळी कापा आणि बोला खुशाल." निकाल लागला.

तो लागला आणि माझे दिवस भरले. आता काय होतंय बघा. रोज संध्याकाळी फोन. नातीसाठी म्हणून सुरू होतो, पण नात झोपते, फोन चालूच. सासू आणि जावई! त्याला ठाऊक आहे मी गोळ्या खिशात ठेवतो आणि गिळत नाही. त्याला ठाऊक आहे मी चहात साखर किती घालतो, छपराचा गळका पत्रा बदलणं किती वर्षं उद्यावर ढकललंय, आणि चर्चमध्ये प्रवचन चालू असताना कोण घोरतं. काल मला म्हणतो, "बाबा, आईंचं बरोबर आहे, तुम्ही जरा हट्टीच आहात." मला! इतकी वर्षं घरात माझ्याविरुद्ध एकच मत होतं, आता दोन झाली.

तेव्हा मी रात्री विचार करत पडलो होतो, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. आमचे पूर्वज काही खुळे नव्हते. सासूजावयाने बोलायचं नाही ही चाल त्यांनी सासूच्या अब्रूसाठी घातली नव्हती, आणि जावयाच्या भल्यासाठी तर नव्हतीच. ती घातली होती सासऱ्यासाठी.